प्रोसेसर मोजायचा कसा? स्वतःचा बेंचमार्क लिहायला घेतलाय

खडेबाजार (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. बेळगावात माझं जुन्या-नव्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. कंपन्यांची लीज संपलेली मशिनं लॉटमध्ये येतात, ती साफ करायची, रॅम-एसएसडी घालायची आणि विकायची, असा धंदा. गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. उद्यमबागेतले वर्कशॉपवाले, खानापूर-चिकोडीकडच्या पतसंस्था, लग्नपत्रिका छापणारे, इंजिनीअरिंगची पोरं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच. सहाव्या पिढीचा आय-सेव्हन घेऊ की बाराव्या पिढीचा आय-थ्री? मी म्हणतो, तुमचं काम काय त्यावर आहे की हो. ते कुणाला पटत नाही. आकडा दाखवा म्हणतात.

तयार बेंचमार्क, म्हणजे मशीनचा वेग मोजणारे प्रोग्राम, ढीगभर आहेत, माहीत आहे. पण त्यातून आलेला पाच आकडी स्कोअर नेमका कशाचा, हे मला गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. म्हणून सी-मध्ये आपलाच छोटा प्रोग्राम लिहायला घेतलाय. आत्ता त्यात शंभर कोटी फेऱ्यांचा एक लूप आहे, आत थोडी बेरीज, थोडा गुणाकार, आधी घड्याळ बघायचं आणि नंतर बघायचं. कंपायलरचं (सी-मधला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाचं) ऑप्टिमायझेशन, म्हणजे आपणहून प्रोग्राम वेगवान करणं, बंद असताना काही सेकंद लागतात. ओ-टू लावून ते चालू केलं की वेळ शून्य! प्रोसेसर कुठलाही घाला, शून्यच. काय प्रकार आहे?

निपाणीकर:

शून्य सेकंद म्हणजे जगातला सगळ्यात वेगवान प्रोसेसर तुमच्या दुकानात आहे. किती लावणार बोला.

घटप्रभा:

मूळची गोकाककडची, सध्या बेंगळुरूत कंपायलरवर काम करते, त्यामुळे हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं समजते.

दादा, तुमचा लूप चाललाच नाही. लूपमधून जे उत्तर निघतं ते तुम्ही पुढे कुठेच वापरत नाही, छापतसुद्धा नाही. कंपायलर बघतो की हे कुणालाच नको आहे, आणि अख्खा लूप उडवून टाकतो. उत्तर छापलंत तरी सुटका नाही. शंभर कोटी हा आकडा प्रोग्राममध्येच लिहिलेला असेल आणि आतली क्रिया साधी असेल, तर काही कंपायलर १ ते एन बेरजेचं शाळेतलं सूत्र लावून एका गुणाकारात उत्तर काढतात. म्हणजे मोजला जातोय कंपायलर.

आणि ऑप्टिमायझेशन बंद ठेवून मोजणं हा उपाय नव्हे. तेव्हा प्रत्येक व्हेरिएबल दर ओळीला मेमरीत ठेवलं जातं आणि पुन्हा उचललं जातं. गिऱ्हाइकाचं एकही सॉफ्टवेअर तसं बनवलेलं नसतं. तुम्ही भलतंच काहीतरी मोजाल.

इनपुट चालवताना बाहेरून घ्या, कमांड लाइनवरून बीज द्या, म्हणजे कंपायलरला ते आधी कळणार नाही. प्रत्येक फेरीचं उत्तर पुढच्या फेरीत गुंतवा. शेवटी सगळ्या उत्तरांचा मिळून एक चेकसम, म्हणजे ताळ्याचा आकडा, काढून छापा. सगळीकडे व्होलटाइल (हे चल दरवेळी मेमरीतूनच घे असं सांगणारा शब्द) फासू नका, त्याने पुन्हा तीच मेमरीची ये-जा सुरू होते. एखाद्या ठिकाणी अडवायचंच असेल तर जीसीसी या कंपायलरमध्ये रिकामा इनलाइन असेंब्लीचा तुकडा टाकून 'हे मूल्य वापरलंय' असं कंपायलरला भासवता येतं, तेवढं पुरतं.

मास्तर_खानापूर:

घटप्रभाताईंनी सांगितलं ते बरोबरच आहे, पण खडेबाजार, तुम्ही गाडी उलट्या बाजूने जोडलीय. आधी प्रोग्राम लिहिलात, आता तो कशाचं माप आहे ते शोधताय. सिंथेटिक बेंचमार्क ज्यांनी पहिल्यांदा नीट केला त्यांनी आधी मोजणी केली होती.

इंग्लंडचे हॅरॉल्ड कर्नो आणि ब्रायन विचमन हे दोघं. तिथल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत केडीएफ-नाइन नावाचं मशीन होतं, त्यावर शास्त्रज्ञांचे अल्गोल-६० मधले प्रोग्राम चालत. त्यासाठीचा एक कंपायलर लेस्टरशायरमधल्या व्हेटस्टोन गावी इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीत बनलेला. तो प्रोग्रामचं रूपांतर मधल्या एका पातळीवरच्या सूचनांत करायचा, त्यामुळे कुठली सूचना किती वेळा चालली हे मोजणं सोपं झालं. खऱ्या लोकांच्या खऱ्या प्रोग्राममधून ही आकडेवारी गोळा झाली, मग १९७२ मध्ये त्या प्रमाणात बेरीज, गुणाकार, अ‍ॅरे, साइन-कोसाइन, फंक्शन कॉल घातलेला एक कृत्रिम प्रोग्राम तयार झाला. तो व्हेटस्टोन बेंचमार्क. त्याला स्वतःला काही उपयुक्त उत्तर काढायचं नव्हतं, फक्त खऱ्या कामाच्या प्रमाणात मशीनला राबवायचं होतं. सिंथेटिकचा अर्थ एवढाच.

व्हेटस्टोन म्हणजे सगळं फ्लोटिंग पॉइंटचं, शास्त्रज्ञांचं काम. ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, संपादक असल्या प्रोग्राममध्ये दशांश फारसे नसतातच. म्हणून राइनहोल्ड वायकर यांनी १९८४ मध्ये ड्राइस्टोन लिहिला. त्यांनीही आधी प्रसिद्ध आकडेवारी तपासली आणि मिश्रण ठरवलं : ५३ टक्के असाइनमेंट, ३२ टक्के नियंत्रणाची वाक्यं, १५ टक्के प्रोसीजर-फंक्शनचे कॉल. मूळ आडा भाषेत होता, गाजला सी-मध्ये आल्यावर. व्हॅक्स ११/७८० हे मशीन सेकंदाला १७५७ ड्राइस्टोन काढायचं, आणि ते 'एक मिप्स'चं, म्हणजे सेकंदाला दहा लाख सूचनांचं, मशीन मानलं जाई, म्हणून आलेल्या आकड्याला १७५७ ने भागायची पद्धत पडली. आजही मायक्रोकंट्रोलरच्या माहितीपत्रकात डीएमआयपीएस दिसतं, ते हेच. चाळीस वर्षांनीसुद्धा चिप त्या व्हॅक्सच्या मापाने मोजतात! मला याची दरवेळी गंमत वाटते.

व्हीटीयू_सातवं_सेम:

सर, आमच्या कॉम्प्युटर आर्किटेक्चरच्या पुस्तकात ड्राइस्टोन वाईट आहे एवढंच लिहिलंय. का, ते नाही.

मास्तर_खानापूर:

वाईट झाला तो वापरून वापरून. पहिलं म्हणजे प्रोग्राम इवलासा. आजच्या प्रोसेसरच्या पहिल्याच कॅशेत (चिपच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत) सगळा मावतो, मेमरीपर्यंत जायची वेळच येत नाही. दुसरं, त्यात ठरावीक तीस अक्षरांच्या स्ट्रिंगची नक्कल आणि तुलना आहे. लांबी आधीच ठाऊक, त्यामुळे कंपायलरने चार-आठ बाइटचे गठ्ठे करून नक्कल केली की स्कोअर चढला. प्रोसेसर तोच. १९८८ मध्ये वायकर यांनी २.१ आवृत्ती काढली, त्यात कंपायलरला सहज उडवता येणारे भाग दुरुस्त केले, आणि दोन फाइली वेगवेगळ्या कंपाइल करा, प्रोसीजर एकात एक मिसळू नका असे नियम घातले. नियम पाळतो कोण?

बेंचमार्क ठरवणारी स्पेक ही संस्था त्याच साली, १९८८ मध्ये उभी राहिली, ती याच वैतागातून. त्यांनी कृत्रिम प्रोग्राम सोडून खरे प्रोग्राम घेतले. पहिल्या संचात दहा होते. त्यातला मॅट्रिक्स-३०० नावाचा एक, त्याचा बहुतेक वेळ मॅट्रिक्सच्या गुणाकारात जायचा. कंपायलरवाल्यांनी त्या गुणाकाराचे कॅशेत मावतील असे तुकडे पाडले आणि त्या एका प्रोग्रामचा आकडा अनेक पटींनी उसळला. पुढच्या, १९९२ च्या संचातून तो काढून टाकावा लागला. आणि हे जुनं झालं म्हणून सोडू नका. २०२४ मध्ये स्पेकने इंटेलच्या कंपायलरमधलं एक ऑप्टिमायझेशन एकाच चाचणीला धरून बेतलेलं आहे असं ठरवून २,६०० हून जास्त निकालांवर तसा शेरा मारला.

निपाणीकर:

म्हणजे परीक्षेत काय येणार हे फुटलं की सगळे पहिल्या वर्गात. आमच्याकडे नवीन नाही.

एक विचारतो. तुमच्या सहाव्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे बसतच नाही, आठवी किंवा त्यापुढची पिढी पाहिजे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. पतसंस्थेला तो आय-सेव्हन देणार तरी कसा? बेंचमार्क राहू दे बाजूला.

खडेबाजार:

तो मुद्दा बरोबर आहे, पतसंस्थांना मी ते देतही नाही आता. पण वर्कशॉपवाले आणि पोरं घेतातच, कुणी लिनक्स टाकतो, कुणी नेट लावतच नाही. त्यांना वेग पाहिजे.

मास्तर सर, मोजणी करून मग प्रोग्राम, हे पटलं. पण माझ्या गिऱ्हाइकाच्या कामाची मोजणी मी कशी करू? ते कुठे मला सोर्स देणार आहेत.

उद्यमबाग_व्हीएमसी:

माझंच घ्या. पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगसाठी पॅटर्न बनवतो. कॅममध्ये (मशीनच्या हत्याराचा मार्ग काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) थ्री-डी सरफेसचा फिनिशिंग टूलपाथ काढायला दिला की चहा पिऊन येईपर्यंत बार सरकत नाही. टास्क मॅनेजर बघतो तर सीपीयू बारा-तेरा टक्के! बाकीचा प्रोसेसर काय झोपा काढतोय? मला गेल्या वर्षी एकाने सांगितलं, जास्त कोअरचा घ्या. घेतला. चहा तेवढाच लागतो.

घटप्रभा:

दादा, तुमच्या या एका ओळीत अर्धी मोजणी झाली. तुमचं मशीन आठ थ्रेडचं, म्हणजे एका वेळी कामाचे आठ धागे चालवणारं, असणार. आठातला एक म्हणजे साडेबारा टक्के. तुमचा टूलपाथ एकाच थ्रेडवर चाललाय आणि तो एक थ्रेड पूर्ण राबतोय. निदान या कामासाठी तुम्हाला जास्त कोअर नकोत, एक कोअर जोरदार पाहिजे.

आणि खडेबाजारांनी दिलेली जोडी इथे फार छान बसते. आय-सेव्हन ६७०० आणि आय-थ्री १२१०० धरते. दोन्ही चार कोअर, आठ थ्रेड. टर्बो क्लॉक ४.० आणि ४.३ गिगाहर्ट्झ. क्लॉक बघून माणूस म्हणेल सात-आठ टक्क्यांचा फरक. पण नव्या कोअरमध्ये दर क्लॉकला जास्त सूचना निघतात, दुसरी कॅशे कोअरमागे २५६ केबीवरून सव्वा एमबी झालीय, ब्रँचचा, म्हणजे प्रोग्राममधल्या 'असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे' या फाट्यांचा, अंदाज सुधारलाय. फरक क्लॉकच्या हिशोबापेक्षा बराच मोठा पडतो, आणि तो किती हे कामावर ठरतं. तुमच्या स्टिकरवर गिगाहर्ट्झ लिहिणं बंद करा आधी.

सोर्स नसला तरी मोजणी होते. लिनक्सवर 'पर्फ' नावाचं साधन प्रोसेसरमधलेच काउंटर वाचतं : किती सूचना, किती क्लॉक, किती ब्रँच चुकल्या, कॅशे किती वेळा हुकली. गिऱ्हाइकाचा प्रोग्राम चालू असताना हे आकडे घ्यायचे. विंडोजवर इंटेल आणि एएमडी दोघांचीही प्रोफायलर साधनं फुकट मिळतात. आलेलं प्रमाण तुमच्या कृत्रिम प्रोग्रामच्या प्रमाणाशी ताडून बघा. जवळ आलं तर तुमचा प्रोग्राम त्या कामाचा प्रतिनिधी. नाही आलं तर तो फक्त एक लूप.

पत्रिकावाला:

आमच्या डीटीपीचं काय? आमचं काम सगळं मराठी आणि कन्नड, एकाच पत्रिकेत दोन्ही लिप्या. हॉलच्या पत्त्यासाठी इंग्रजी. पाहुण्यांची यादी दीड-दोन हजारांची, ती वर्णानुक्रमे लावायची, प्रत्येकाच्या पाकिटावर नाव टाकून पीडीएफ काढायची. नव्या मशीनवरसुद्धा पीडीएफला वेळ लागतो. तुमचा ड्राइस्टोन हे मोजतो का?

धागापाल:

गावाचं नाव कसं लिहावं यावरचे तीन प्रतिसाद इथून हलवलेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, तो वाहता आहे, कधी आटणार नाही.

घटप्रभा:

पत्रिकावाले, नाही मोजत, आणि ही गोष्ट मलाही आत्ताच सुचली. ड्राइस्टोनच्या स्ट्रिंगा इंग्रजी आहेत, एक अक्षर एक बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्हींचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'क्ष' लिहायला क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं, म्हणजे नऊ बाइट. ते वाचताना दर पावलाला ब्रँच : हा पहिला बाइट का, मधला का, चिन्ह कुठल्या लिपीचं, पुढे हलन्त आहे का. मग फाँटमधले जोडाक्षरांचे नियम लावून आकार निवडायचा. शिवाय क्रम लावणं. बाइटच्या क्रमाने लावलं तर ळ येतो ल आणि व यांच्या मधे, आपल्याला तो पाहिजे ह नंतर. म्हणजे नुसती बाइटची तुलना चालत नाही, प्रत्येक चिन्हासाठी कोष्टकातून वजन काढावं लागतं. कोष्टक म्हणजे मेमरी.

सीमाभागातल्या कचेरीचा बेंचमार्क करायचा तर त्यात हा तुकडा हवाच. बनावट नावं तयार करा, निम्मी मराठी निम्मी कन्नड, ती डीकोड करा, वजनं काढा, लावा, चेकसम काढा. असा तुकडा मी कुठल्याही प्रसिद्ध सिंथेटिक बेंचमार्कमध्ये पाहिलेला नाही. लिहिलात तर मला दाखवा.

व्हीटीयू_सातवं_सेम:

ताई, ब्रँचचं मी थोडं करून बघितलंय. रँडम आकड्यांचा अ‍ॅरे घेतला, मोठा-लहान बघून बेरीज करायची. तोच अ‍ॅरे सॉर्ट करून दिला की खूप लवकर होतं, कारण अंदाज चुकत नाहीत. पण हजार आकड्यांचा रँडम अ‍ॅरे पुन्हा पुन्हा फिरवला तर काही वेळाने तोही लवकर व्हायला लागला. रँडमच आहे की तो!

घटप्रभा:

ब्रँचचा अंदाज बांधणाऱ्या प्रेडिक्टरने तुझा अ‍ॅरे पाठ केला. आजचे प्रेडिक्टर बराच लांब इतिहास ठेवतात, तेच हजार आकडे त्याच क्रमाने परत परत आले तर नमुना त्यांच्या लक्षात राहतो. एक अंदाज चुकला की साधारण पंधरा-वीस क्लॉक वाया जातात, म्हणून फरक इतका ठळक दिसतो. दर फेरीला नवे आकडे तयार कर, एक्सॉरशिफ्टसारखा हलका जनरेटर पुरे. किंवा अ‍ॅरे लाखांत ने. अर्थात जनरेटरचा स्वतःचा वेळ किती जातो तोही वेगळा मोजून ठेव.

खडेबाजार, तुमच्या प्रोग्रामला मेमरीचा तुकडा लागेल, आणि सर्वात जास्त लोक तिथेच फसतात. अ‍ॅरे सरळ वाचत गेलात तर प्रोसेसर पुढचं आधीच आणून ठेवतो, मेमरी किती दूर आहे हे कळतच नाही. त्यासाठी साखळी करायची. एका घरात पुढच्या घराचा पत्ता लिहिलेला, तिथे गेल्याशिवाय त्याच्या पुढचा कळणार नाही. घरं ६४ बाइटच्या अंतरावर, म्हणजे दरवेळी वेगळी कॅशे लाइन. क्रम यादृच्छिक, पण नुसतं शफल करू नका, साखळी छोट्या छोट्या वर्तुळांत तुटते आणि तुम्ही एकाच कोपऱ्यात फिरत राहता. सट्टोलोचा १९८६ चा अल्गोरिदम आहे, शफलच, फक्त आकडा स्वतःच्या जागी राहू देत नाही, त्याने एकच मोठं वर्तुळ मिळतं. आकार १६ केबीपासून वाढवत १२८ एमबीपर्यंत न्या. पहिल्या कॅशेत चार-पाच क्लॉकला एक पाऊल पडतं, मेन मेमरीत ६० ते १०० नॅनोसेकंद, म्हणजे ४ गिगाहर्ट्झला अडीचशे ते चारशे क्लॉक. आलेख काढलात की कॅशेच्या पायऱ्या डोळ्यांनी दिसतात.

फ्लोटिंग पॉइंटचंही तसंच. एकाच चलात बेरीज करत गेलात तर प्रत्येक बेरीज आधीचीची वाट बघते. सहाव्या पिढीच्या कोअरमध्ये एक बेरीज पुरी व्हायला चार क्लॉक, पण दर क्लॉकला दोन सुरू करता येतात. आठ वेगळ्या चलांत बेरीज केली तर आठपट काम त्याच वेळात. फास्ट-मॅथ हा पर्याय दिल्याशिवाय कंपायलर हे स्वतःहून करत नाही, कारण दशांशांच्या बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलू शकतो. तेव्हा दोन्ही मोजा, एकाला ताटकळणारं आणि एकाला भरधाव असं नाव द्या हवं तर.

निपाणीकर:

ताई, तुम्ही वर्ग घ्यायला लागा. फी काय ते मास्तर ठरवतील.

खडेबाजार:

तीन-चार संध्याकाळी यावर घालवल्या. आता प्रोग्राममध्ये पाच तुकडे आहेत : हिशोबाच्या फाइलमधले आकडे वाचून पैशांत व्याज काढणं, दोन लिप्यांतली नावं लावणं, टूलपाथसारखी भूमिती, मॅट्रिक्स आणि ती साखळी. प्रत्येक तुकडा आधी थोडा चालवून फेऱ्या किती लागतील ते ठरवतो, कारण कोअरमार्क या दुसऱ्या एका बेंचमार्कच्या नियमात निदान दहा सेकंद चालवा असं वाचलं. विंडोजचं जुनं टिक-घड्याळ साडेपंधरा मिलिसेकंदाच्या आसपास उड्या मारतं, म्हणून क्वेरी परफॉर्मन्स काउंटर वापरलं.

पण एक विचित्र. एकाच लॉटमधली दोन मशिनं, तोच प्रोसेसर, तेवढीच रॅम. व्याज, नावं, भूमिती अगदी सारखी. मॅट्रिक्स एकावर चांगलंच हळू. आणि तिसरं एक मशीन, फाउंड्रीतून परत घेतलेलं, पहिल्या फेरीत ठीक, मग प्रत्येक फेरीला मागे मागे.

घटप्रभा:

पहिल्याचं झाकण उघडा. एकात रॅमच्या दोन पट्ट्या आणि दुसऱ्यात तेवढ्याच क्षमतेची एकच असणार. एक पट्टी म्हणजे एक चॅनेल, बँडविड्थ निम्मी. मॅट्रिक्स मोठं असेल तर ते बँडविड्थवर जगतं, व्याजाचा हिशोब कॅशेतच होतो म्हणून त्याला फरक पडत नाही.

उद्यमबाग_व्हीएमसी:

तिसऱ्याचं मी सांगतो, त्याला काय कंपायलर लागत नाही. हीटसिंकमध्ये फाउंड्रीची काळी धूळ भरलेली असणार, वाळू आणि ग्राफाइट. कोटिंग बसतं, ब्रशने निघत नाही. ब्लोअर मारा, पेस्ट बदला. आमच्याकडचं प्रत्येक मशीन असंच मरतं.

खडेबाजार:

दोन्ही बरोबर निघालं! एकात खरंच एकच पट्टी. आणि त्या तिसऱ्याचा पंखा बाहेर काढला तर हात काळे. साफ केल्यावर शेवटच्या फेरीपर्यंत वेळ सारखा राहिला.

मास्तर_खानापूर:

छान. म्हणजे तुमच्या बेंचमार्कने प्रोसेसरपेक्षा दुकानाच्या कामाचं जास्त सांगितलं. आता निकाल दोन प्रकारे ठेवा, थंड असतानाचा आणि पंधरा-वीस मिनिटं राबवल्यावरचा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच, बॅटरीवर क्लॉक खाली आणतात. लाइट गेली म्हणून मधेच यूपीएसवर गेलात तर ती फेरी सोडून द्या. एकाच कोअरला बांधून चालवा, लिनक्सवर टास्कसेट आहे, विंडोजवर अ‍ॅफिनिटी. बाराव्या पिढीपासून पुढे बऱ्याच मॉडेलांत मोठे आणि छोटे कोअर मिसळलेले असतात. तुमचा १२१०० त्यातला नाही, पण उद्या लॅपटॉप आला आणि काम छोट्या कोअरवर पडलं तर निकाल बघून चक्रावाल.

आणि कितीही जपलंत तरी थोडी डुगडुग राहते. २००९ च्या एका अभ्यासात दाखवलंय की लिनक्समधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची एकूण लांबी बदलली तरी प्रोग्रामचा वेळ बदलतो, कारण स्टॅक मेमरीत जरा सरकतो. म्हणजे युजरचं नाव लांब असलं तरी! दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर गिऱ्हाइकाशी वाद घालू नका.

खडेबाजार:

आता शेवटचं. पाच तुकड्यांचा एक स्कोअर कसा करू? सरळ सरासरी?

मास्तर_खानापूर:

अजिबात नाही. कागदावर करून बघा. क्ष मशीनला दोन कामांना २ आणि ८ सेकंद, य मशीनला ४ आणि ४. य ला एकक धरलं तर क्षचं प्रमाण ०.५ आणि २, सरासरी १.२५, म्हणजे क्ष पंचवीस टक्के मंद. आता क्षला एकक धरा. यचं प्रमाण २ आणि ०.५, सरासरी पुन्हा १.२५. य पंचवीस टक्के मंद! दोघंही एकमेकांपेक्षा मंद. गुणोत्तरांची साधी सरासरी घेतली की असं होतं, म्हणून स्पेक भूमितीय मध्य घेतं. त्याने दोघं बरोबरीत येतात, कुणालाही एकक धरा.

पण बघा, एकूण वेळ क्षचा १० आणि यचा ८. ज्याला दोन्ही कामं रोज एकेकदा करायचीत त्याच्यासाठी य सरळ बरा आहे, भूमितीय मध्य काहीही म्हणो. ज्याचं पहिलं काम दिवसात शंभरदा आणि दुसरं एकदा, त्याच्यासाठी क्ष. वजन गिऱ्हाइकाच्या दिवसातून येतं. ते तुम्ही दुकानात बसून ठरवू शकत नाही.

निपाणीकर:

एवढ्यासाठीच तो बिचारा 'तुमचं काम काय त्यावर आहे की हो' म्हणत होता.

खडेबाजार:

मग एक स्कोअर छापतच नाही. स्टिकरवर पाच आडव्या पट्ट्या, प्रत्येकीला कामाचं नाव, आणि शेजारी दुकानातल्या एका ठरलेल्या मशीनची रेघ. पतसंस्थावाल्यांना मात्र मी पहिल्या पट्टीकडे बोटसुद्धा दाखवणार नाही. त्यांचं मशीन सर्व्हरची आणि हार्ड डिस्कची वाट बघत बसतं, व्याज काढायला प्रोसेसरला डोळ्याची पापणी लवायचाही वेळ लागत नाही. त्यांना एसएसडी विकतो.

उद्यमबाग_व्हीएमसी:

माझ्यासाठी पट्टी नको. मी माझी एक पार्टची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन येतो, दोन्ही मशीनवर कॅम टाका, टूलपाथ काढू, घड्याळ लावू.

घटप्रभा:

हेच सगळ्यात उत्तम, दादा. स्वतःचं काम चालवून बघता येत असेल तर सिंथेटिकला विचारूच नये. ज्याला पेन ड्राइव्ह घेऊन येता येत नाही, ज्याचं सॉफ्टवेअर लायसन्समुळे दुकानात चालवता येत नाही, किंवा मशीन अजून दुकानात आलंच नाही, तिथे कृत्रिम प्रोग्राम कामाचा.

खडेबाजार, प्रोग्राम पोरांना वाटणार असाल तर एक सांगून ठेवते. सगळ्यांना तीच एक्झी फाइल द्या. कुणी 'नेटिव्ह' (याच प्रोसेसरला साजेसं बनव) पर्याय लावून आपल्या मशीनवर पुन्हा कंपाइल केली तर तो प्रश्नच वेगळा होतो, तोही चांगला प्रश्न आहे, पण आकडे एकत्र मांडू नका. शिवाय नव्या मशीनवर तशी बनवलेली फाइल जुन्या पेंटियम-सेलेरॉनवर उघडतानाच कोसळेल. एव्हीएक्स, म्हणजे एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांचा संच, २०११ मध्ये आलं तरी त्या स्वस्त मॉडेलांत ते पुढे कितीतरी वर्षं बंद होतं.

व्हीटीयू_सातवं_सेम:

दादा, मला फाइल पाठवा. माझ्याकडे रायझनचा लॅपटॉप आहे, हॉस्टेलमध्ये आणखी वेगवेगळी मशिनं मिळतील. आणि भूमितीच्या तुकड्याचा चेकसम सगळीकडे सारखा यायला पाहिजे ना? मी लिनक्सवर दुसऱ्या कंपायलरने केला तर शेवटचे अंक जुळत नाहीत असं एकदा झालं होतं.

घटप्रभा:

दशांशाचा चेकसम हुबेहूब जुळायची अपेक्षा ठेवू नकोस. एक कंपायलर गुणाकार-बेरीज एकाच सूचनेत करतो, मधे गोलाई एकदाच होते, दुसरा दोनदा करतो. साइन-कोसाइनच्या लायब्ररीही वेगळ्या. तिथे फरक ठरावीक मर्यादेत आहे का एवढंच तपासायचं. व्याज, नावं आणि साखळी यांचा चेकसम मात्र बाइटनबाइट जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर ती वेळ निकालात धरायची नाही, मशीन कितीही वेगवान दिसू दे.

खडेबाजार:

पाठवतो. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा लिनक्सचीही फाइल तयार करून इथे टाकतो. निकाल पाठवताना रॅमच्या पट्ट्या किती आणि चार्जर लावला होता का, हे लिहाच.